ओगातांचा माणूस

२ एप्रिल, सकाळी ८

आजपासून मी शांत माणूस. कंपनीने चार आठवड्यांची सक्तीची रजा दिली आहे. ती मीच मागून घेतली असं धरायचं. मुळात झालं होतं एवढंच की मी सेलोटेपचा स्टँड खिडकीच्या दिशेने टाकला आणि साहेब मध्ये होते. ते खाली वाकले म्हणून प्रकरण वाढलं. वाकायची काही गरज नव्हती. नेम खिडकीचा होता आणि लागलाही खिडकीलाच.

कंपनीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. राग आला की दहा आकडे मोजा, आणि एखादा छंद लावून घ्या. आकडे मोजायला मी बालवाडीत नाही. छंद मात्र ठरला: फिक्स गिअरची सायकल. गिअर एकच. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोयच नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच मागे जोर लावायचा. माणूस आणि सायकल एकजीव. जपानी सायकल शर्यतींचं माहेर असलेल्या कोकुरात जन्मून चव्वेचाळीस वर्षं काढली, ट्रॅकवरच्या शर्यतींवर पैसे लावले, हरलो, रेलिंगवरून शिव्या दिल्या. स्वतः कधी बसलो नाही, इथेच चुकलं.

चिझुकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यापेक्षा पोहायला जा. पाण्यात फेकायला काही मिळत नाही." बायकोचा पाठिंबा आहे.

३ एप्रिल

चढाच्या माथ्यावर ओगातांचं सायकलचं दुकान. तिथून रस्ता सरळ खाली उतरतो, पायथ्याशी पोलीस चौकी, पुढे स्टेशन. ओगाता एकाहत्तर वर्षांचे. बावीस वर्षं ट्रॅकवर शर्यती मारल्या आणि अकरा वेळा कॉलरबोन मोडून घेतलं. आता बायकांच्या बास्केटवाल्या सायकलींची पंक्चरं काढतात. मी त्यांना मास्तर म्हणायचं ठरवलं. ते म्हणाले, "मास्तर कुणाला म्हणतोस? मी पंक्चरवाला." थोर माणसं अशीच बोलतात.

निळी, स्टीलची, जुनी रेसिंग फ्रेम घेतली. मास्तरांनी मला न विचारता पुढे-मागे ब्रेक लावले. "तीन महिने हे काढायचे नाहीत. मग बघू," म्हणाले. तीन महिने इतरांना लागत असतील. मला तीन आठवडे पुरे.

४ एप्रिल

पहिली फेरी. चारशे मीटर. सिग्नल दिसला, सवयीने पाय थांबवले. पाय थांबले, पायडल थांबलं नाही. खेचराने उडवावं तसं त्याने मला उडवलं. विजेच्या खांबावर तोंड आपटलं. खांब फुटपाथच्या अगदी मधोमध, तिथे कुणी रोवला कोण जाणे. उठून त्याला लाथ घातली. उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजलाय. पुढचा एक दात हलतो. गुडघ्याची साल गेली.

प्रगती समाधानकारक. मुख्य म्हणजे राग आला नाही. लाथ शांतपणे घातली होती.

७ एप्रिल

हँडल फार रुंद वाटलं. तरुण मंडळी अरुंद ठेवतात, म्हणजे गाड्यांमधून सुरीसारखं सुटता येतं. करवत आणली. डावीकडून तीन सेंटिमीटर कापलं. उजवीकडून चुकून चार गेलं. मग डावीकडून परत. ते जास्त झालं म्हणून उजवीकडून. दुपारी चारपर्यंत हँडल लाटण्याएवढं झालं आणि तरी एक बाजू लांबच.

चिझुको जेवणाचं ताट घेऊन बाल्कनीत आली, हँडलकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून थोडं कापा. मग हात खिशात घालूनच चालवता येईल." करवत भिंतीवर फेकली नाही. ठेवली. जरा जोरात ठेवली गेली. भिंतीचा पोपडा तसाही निघायलाच आला होता.

९ एप्रिल

स्टेशनजवळ लाँड्रीच्या गाडीने मागून हॉर्न दिला. दोनदा. मी वळून तिच्या आरशावर बुक्की मारली. आरसा लोंबायला लागला. ड्रायव्हर खाली उतरला. उतरतच राहिला. इतका उंच माणूस त्या गाडीत मावतो कसा कळत नाही. त्याने माझी कॉलर आणि कमरेचा पट्टा धरला आणि मला उचलून दुभाजकावरच्या झुडपात टाकलं. झुडपाचे काटे पाठीत घुसले. मग त्याने माझी सायकल उचलली, भिंतीला नीट टेकवून ठेवली, मला नमस्कार केला आणि गेला.

मी प्रतिकार केला नाही. करू शकलो असतो. हाच तर बदल आहे माझ्यातला.

चिझुकोने चिमट्याने सतरा काटे काढले. एकेक काढताना म्हणत होती, "एक. दोन. तीन." दहावर थांबून विचारलं, "शांत वाटतंय का?"

११ एप्रिल

मागच्या चाकाची दातेरी चक्री बदलायची ठरवली. खास पाना लागतो म्हणे. मी छिन्नी-हातोडी वापरली. चक्री निघेना. तीन तास. शेवटी मी तिला चक्री समजलोच नाही, साहेबांचं डोकं समजलो, आणि मग निघाली. आटे मात्र सगळे गेले.

चाक घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी चाक हातात घेऊन खिडकीपाशी नेलं, बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवरची जुनी ट्यूब काढली आणि माझ्या तोंडावर हाणली. एकदा या गालावर, एकदा त्या. दुकानात पंक्चर काढायला आलेल्या दोन बायका होत्या. "लोखंडालाही जीव असतो रे, रानटी माणसा," म्हणाले. मग स्वतः बसून दुसरं चाक बांधून दिलं.

गुरू मारतो तो शिष्यालाच. आज मास्तरांनी मला शिष्य मानलं.

१३ एप्रिल

दोन्ही ब्रेक काढले. सायकल आता कशी, मोकळी दिसते. पायांनी थांबवायचा सराव केला. पाच वेळांपैकी एकदा थांबलो. तेव्हा चढ होता.

१४ एप्रिल

पायथ्याच्या चौकीतल्या पोलिसाने अडवलं. म्हणजे हात केला. मी तीस मीटर पुढे जाऊन कुंपणाला लागलो तेव्हा तो चालत आला. बिनब्रेकची सायकल रस्त्यावर चालवणं गुन्हा आहे म्हणाला. "आज ताकीद देतोय साहेब. पुढच्या वेळी कागद करीन." वयाने लहान आहे, त्याला एकजीव म्हणजे काय ते समजवायचा प्रयत्न केला. तो माझ्या लाटण्याकडे बघत होता.

मास्तरांना कळलं. माझ्या पिशवीतून दोन्ही ब्रेक काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे लावल्याशिवाय दुकानात यायचं नाही." परीक्षा घेतायत.

१६ एप्रिल. उजव्या हातानेच लिहितो.

चेन साफ करत होतो. सायकल उलटी ठेवलेली. उजव्या हाताने पायडल फिरवत होतो, डाव्या हातात फडकं. फडक्याचं टोक चेनमध्ये गेलं, त्यामागून करंगळी गेली. साध्या सायकलीत पायडल सोडलं की चेन थांबते. ही थांबत नाही. करंगळी चेनबरोबर चक्रीच्या वरून गेली आणि पलीकडून आली तेव्हा वरचं पेर नव्हतं.

दुखलं नाही. आवाज मात्र आला, मुळा चावल्यासारखा. मी पेर शोधायला लागलो. चिझुको ओरडली नाही, तिने आधी माझ्या हातावर टॉवेल गुंडाळला, मला स्वयंपाकघरात जमिनीवर बसवलं आणि मग बाल्कनीत जाऊन रांगत रांगत ते शोधून आणलं, बर्फात घातलं. हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणाले फार चिरडलंय, बसवता येणार नाही.

घरी आल्यावर सायकलीला लोखंडी पाइपने मारलं. सात वेळा. फ्रेमला एक पोचा आलाय फक्त. जपानी स्टील.

१८ एप्रिल

चिझुको म्हणाली, "आता लांब बाहीचे शर्ट घाला." का विचारलं. "डाव्या हाताची करंगळी. वरचं पेर. कोकुरात. लोक काय समजतील?"

लोक काय समजतील ते मला माहीत आहे. टोळीतला माणूस चुकला की करंगळीचं पेर कापून दादापुढे ठेवतो. मी हसलो. बिजागऱ्यांच्या कंपनीत तक्रार विभागात बसणाऱ्या माणसाला कोण गुंड समजेल?

२० एप्रिल

नवल आहे. उदोन शेवयांच्या दुकानात रांग होती. मी बँडेजचा हात वर करून घड्याळ पाहिलं तर पुढची तीन माणसं बाजूला झाली. मालकिणीने परतलेल्या उदोनवर न मागता जास्तीचं अंडं घातलं.

लाँड्रीची गाडी दिसली. सिग्नलला मी तिच्या बाजूला जाऊन धडकलो (थांबता आलं नाही). तोच उंच ड्रायव्हर. हात पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. गाडीतून उतरून कमरेत वाकला, म्हणाला, "त्या दिवशी माझं चुकलं. घरी लहान मुली आहेत माझ्या." मी मान हलवली.

सायकलीने माणसाला एक वजन येतं. नियमित सरावाचा परिणाम.

२३ एप्रिल, संध्याकाळी ५

सार्वजनिक स्नानगृहात गेलो. घरी जखमेला पाणी लागतं असं चिझुकोला सांगितलं. खरं म्हणजे तिथे आता मला चांगली जागा मिळते. डावा हात पाण्याबाहेर, काठावर ठेवून बसलो. शेजारी एक म्हातारा होता. पाठभर मासे गोंदलेले, कातडी सैल झाल्यामुळे मासेही सुरकुतलेले. त्याच्या दोन्ही करंगळ्या नव्हत्या. तो माझ्या बँडेजकडे बघत होता.

"ताजं दिसतंय," म्हणाला.

"आठवडा झाला."

"कशापायी?"

"चूक झाली. मास्तरांनी सांगितलं होतं ते ऐकलं नाही."

त्याने मान डोलावली. "कुणाचा माणूस तू?"

"ओगातांचा."

"कोण ओगाता? ऐकलं नाही कधी."

मला राग आला. बावीस वर्षं ट्रॅकवर घालवलेला माणूस. मी म्हणालो, "चढाच्या माथ्यावर बसतात. तिथून स्टेशनपर्यंतचा रस्ता आमचाच."

"किती जण आहात?"

"सध्या मी एकटा. वाढतील."

म्हाताऱ्याने काठावरचा पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "मी कुराता. ओगातांना माझा नमस्कार सांग," आणि उठून गेला. जाताना त्याला वाट द्यायला सगळे उठले. मी बसून राहिलो.

मी एक शब्दही खोटा बोललो नाही. त्याने काय अर्थ घेतला हा त्याचा प्रश्न. अंग हलकं झालंय. इतकं शांत कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२६ एप्रिल, दुपारी ३. चौकीत बसून.

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज नकोत.

सकाळी अकराला मास्तरांकडे गेलो. ब्रेक लावलेले नव्हते, पण नमस्कार पोचवायचा होता. मास्तर खाली बसून एका शाळेच्या सायकलीचं चाक सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "ब्रेक?" मी म्हणालो, उद्या. तेवढ्यात दोघे जण आत आले. ट्रॅकसूट घातलेले, तिशीतले. एकाचं नाक पूर्वी कधीतरी मोडलेलं.

"ओगाता कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "पंक्चर आहे का?"

"चढापासून स्टेशनपर्यंत तुझं म्हणे."

मास्तर हसले. "चढापासून स्टेशनपर्यंतची पंक्चरं माझी."

मोडक्या नाकवाल्याने सुट्या भागांच्या काचेच्या कपाटावर लाथ मारली. काच फुटली, छर्रे घरंगळत रस्त्यावर गेले. मास्तर उठले. म्हणाले, "पोरांनो, कुणीतरी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. झाडू तिथे आहे." दुसऱ्याने त्यांचा शर्ट धरला. मास्तरांच्या हातात लांब दांड्याचा पाना होता. त्यांनी तो त्याच्या मनगटावर मारला आणि मला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. तो किंचाळून खाली बसला. मग मोडक्या नाकवाल्याने मास्तरांना दोन्ही हातांनी उचलून फरशीवर आपटलं. त्यांच्या खांद्याजवळ काटकी मोडल्यासारखं झालं. तो त्यांच्या बरगड्यांत लाथा घालायला लागला. एक, दोन, मी मोजत होतो. मास्तरांच्या कानातून रक्त येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मदत आणायला गेलो.

सायकल दाराशीच होती. उतार. इतका वेग मी कधी घेतला नव्हता. पायथ्याशी पायांनी मागे जोर लावला, पायडलने माझेच पाय झुगारून दिले आणि मी चौकीच्या काचेच्या दारातून आत गेलो. सायकलसकट. पोलीस डबा खात होता. माझ्या कपाळाला, दंडाला आणि मांडीला मिळून एकवीस टाके पडले. काय झालं ते सांगायला मला थोडा वेळ लागला. पोलीस वर गेला तेव्हा ते दोघे गेले होते.

माझ्यामुळे मदत पोचली, हे खरं. कागदावर मात्र बिनब्रेकची सायकल एवढंच लिहिलंय, आणि दार.

२७ एप्रिल

मास्तरांचं कॉलरबोन बाराव्यांदा मोडलं. तीन बरगड्या. डाव्या कानाचा पडदा फाटला. मी त्या दोघांचं सांगूनही पोलिसांना त्यांनी शिडीवरून पडलो असंच सांगितलं. अपमान नको म्हणून असेल.

चिझुकोने टाक्यांवरची पट्टी बदलली. मी सांगत होतो की मदत किती तातडीने आणली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "फोन खिशात होता ना तुमच्या?"

होता. पण त्या दुकानात रेंजचा भरवसा नसतो. आणि ओल्या हाताने फोन चालत नाही. हात घामाने ओले होते.

तिने पट्टीचं टोक जास्तच जोराने दाबलं असं मला वाटलं. मी ताट भिंतीवर फेकलं. भात, सार्डिन, लोणचं, सगळं. ती हलली नाही. भिंतीकडे पाहत म्हणाली, "ते साफ तुम्ही करायचं." केलं.

२९ एप्रिल

हॉस्पिटलच्या फाटकाशी कुराता उभा होता. सूट घातलेला, हातात लाकडी खोक्यातलं महागडं खरबूज. मी नमस्कार केला. त्याने खोकं कठड्यावर ठेवलं, चष्मा काढून खिशात घातला आणि माझ्या कानाखाली वाजवली. म्हाताऱ्याच्या हातात करंगळी नव्हती तरी मी बसलोच खाली. कपाळाचा एक टाका उसवला.

"चौकशी केली मी," तो म्हणाला. "बिजागऱ्या विकतोस तू. आणि तो पंक्चरं काढतो. माझ्या वयाच्या माणसाला तुझ्या तोंडामुळे लाथा बसल्या. माझीच पोरं होती, त्यांचं मी बघून घेतलंय. तुझं कोण बघणार?"

त्याने चष्मा घातला, मला हात देऊन उठवलं, माझ्या शर्टावरची धूळ झटकली. मग खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं. "माझ्यासारख्या टोळीवाल्याला वर सोडत नाहीत. हे त्यांना दे. माझं नाव नको सांगू. माफी मागितली म्हण, कुणीतरी."

३० एप्रिल

काल खरबूज घेऊन वर गेलो तेव्हा मास्तर झोपले होते. खोकं ठेवून निघून आलो. आज पुन्हा गेलो. जागे होते. उजवा हात छातीला बांधलेला, चेहरा पिवळा-जांभळा. आता एकाच कानाने ऐकू येतं, त्या बाजूला बसायला सांगितलं. खरबूज कापून द्यायला सांगितलं. कापलं.

मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी मी मदत आणायला..."

"पळालास," ते म्हणाले. खरबूज खात होते. आवाज चढला नव्हता. "मी पडल्या पडल्या बघत होतो. दारातून रस्ता दिसतो ना. पाठ सरळ, कोपर आत, पाय गोल फिरतायत, एकदाही पायडल अडलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा तुला नीट सायकल चालवताना पाहिलं."

मग त्यांनी आणखी एक फोड मागितली. मी विचारलं, पोलिसांना शिडीचं का सांगितलं? म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर साक्षीदार म्हणून तुझं नाव लागलं असतं आणि ती पोरं तुझ्या घरी आली असती. तिथे तुझी बायको असते." हसायला गेले, बरगड्या दुखल्या, थांबले.

स्नानगृहात मी काय बोललो ते त्यांना सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. ऐकून त्यांनी हातातली फोड बशीत परत ठेवली. नर्स आली, वेळ संपली म्हणाली.

घरी येऊन ही वही उघडली. सव्वीस तारखेला लिहिलंय, मी मदत आणायला गेलो. ते खोडलं. मी पळालो.

उद्या चौकीत जाऊन खरं सांगायचं, स्नानगृहात बोललो त्यासकट. चालत वीस मिनिटं लागतात. चिझुको म्हणाली, मीही येते. म्हटलं, कशाला, मी जातो की. म्हणाली, वाटेत गोष्ट बदलेल तुमची.